दोन तोळे शिसं, अर्धा तोळा दारू

*काका, मी मूळचा कुडाळजवळचा. गेली नऊ वर्षं कोलोराडोत, अरोरा इथे असतो. आजोबांकडे शेताच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती, केपाची (ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीची). पावसाळा सरला की अंगणात बसून ते बार भरायचे आणि मी शेजारी बसून बघायचो. दारू ओतायला शिंगाचं एक छोटं माप होतं. यंदा ऑफिसातल्या मित्राच्या नादाने एल्कच्या (सांबरासारखं मोठं हरीण) मझल-लोडर, म्हणजे ठासणीच्या बंदुकीच्या हंगामासाठी अर्ज केला आणि सोडतीत माझं नाव निघालंसुद्धा! सप्टेंबरात जायचंय. आजवर रेंजवर .22 सोडून काही चालवलेलं नाही. मित्र टेक्सासहून आलेला. तो म्हणतो, .50 ची (अर्धा इंच भोकाची) इनलाइन, म्हणजे ठिणगी सरळ मागून दारूत जाणारी नवी ठासणीची घे, वर दुर्बीण लाव, पन्नास-पन्नास ग्रेनच्या तीन पेलेट (दारूच्या दाबलेल्या वड्या) घाल आणि सॅबोतली तांब्याची गोळी. दोनशे यार्डांवर एल्क आडवा. दुकानदार म्हणतो दोन पेलेट पुरेत. इंटरनेटवर एक जण 80 सांगतो, दुसरा 120. मला मनातून आजोबांसारखी बाजूला घोडा असलेली बंदूक हवी आहे, पण एल्कला ती पुरेल का? दारू किती घालू? आणि आजोबांची बंदूक आता गावी चुलत्यांच्या नावावर आहे, ती इकडे आणता येईल का?*
*– राखणदाराचा नातू*

काका म्हणालास, तेव्हा अहो-जाहो सोडतो.

आधी वाईट बातमी. तुझ्या मित्राने सांगितलेल्या चार गोष्टींपैकी तीन कोलोराडोत ठासणीच्या हंगामात चालत नाहीत. दुर्बीण चालत नाही. नेम धरायला साधी माशी आणि खाच, फार तर चमकत्या धाग्याची माशी. पेलेट चालत नाहीत. दारू सुटीच हवी. आणि सॅबो, म्हणजे बारीक गोळीला चढवलेलं ते प्लास्टिकचं टोपडं, तेही चालत नाही. राहिली .50 ची इनलाइन, ती चालते. मित्राला खोटं पाडू नकोस, तो ज्या राज्यातून आला तिथलं सांगतो आहे. या देशात ठासणीच्या बंदुकीचे नियम दर राज्याला वेगळे. मी सुरुवात केली पेनसिल्व्हेनियात. तिथे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबरला, जो हंगाम सुरू होतो त्यात फक्त गारेची, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी बंदूक चालते. केपाचीसुद्धा नाही, इनलाइन तर नाहीच. माझ्या पहिल्याच सकाळी बर्फ भुरभुरत होतं. हरणी चाळीस पावलांवर येऊन उभी राहिली, मी चाप ओढला, गार खाडकन आपटली आणि कानातल्या रंजकाची (ठिणगी झेलणाऱ्या चिमूटभर दारूची) तोवर पेज झालेली होती. हरणीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. असो.

तर कोलोराडोचं. एल्कसाठी नळी कमीत कमी .50 ची लागते. .50 पर्यंतच्या नळीला गोळी किमान 170 ग्रेनची, त्याहून मोठ्या नळीला 210 ग्रेनची. हे आकडे लक्षात ठेव, पुढे लागतील. आणि यंदाची नियमपुस्तिका उघडून स्वतः वाच. माझ्यावर, मित्रावर, दुकानदारावर कोणावर विसंबू नकोस, कारण रानात परवाना तपासायला अधिकारी येईल तेव्हा आम्ही तिघंही तिथे नसू.

आता तुझा खरा प्रश्न: दारू किती. सगळे नवखे हाच प्रश्न पहिला विचारतात, मीही विचारला होता. पण बंदुकीत दोन जिन्नस असतात, दारू आणि शिसं, आणि जनावर पडतं ते शिशाने. दारूचं काम शिसं तिथवर पोचवण्याचं. म्हणून आधी शिशाचं बोलू.

इथे सगळा हिशेब ग्रेनमध्ये चालतो आणि आपल्या माणसाला ग्रेन म्हटलं की काही डोळ्यांसमोर येत नाही. मला ती अडचण माझ्या आईने सोडवून दिली. तिचा जुना तोळा, हल्लीचा सराफांचा दहा ग्रॅमचा नव्हे, खरा 11.66 ग्रॅमचा, तो बरोबर 180 ग्रेनचा भरतो. आणि गंमत बघ, .50 च्या नळीत फडक्यात गुंडाळून जी शिशाची गोल गोळी जाते, .490 व्यासाची, ती भरते साधारण 177 ग्रेन, म्हणजे एक तोळा. .54 च्या नळीतली गोल गोळी 224 च्या आसपास, म्हणजे सव्वा तोळा. आणि .50 चीच, पण लांबट, खालून सपाट आणि पुढे निमुळती अशी भरीव शिशाची गोळी येते, कॉनिकल म्हणतात ती, 370-385 ग्रेनची. म्हणजे दोन तोळ्यांहून किंचित जास्त. नळी तीच, भोक तेच, पण शिसं दुप्पट.

गोल गोळीचा स्वभाव असा, की ती सुटते झोकात आणि दमते लवकर. तोळाभराची गोळी 90 ग्रेन दारूवर सेकंदाला 1800-1900 फुटांनी नळीबाहेर पडते, ऐकायला झकास वाटतं. शंभर यार्डांवर पोचेपर्यंत तो वेग 1000-1100 वर आलेला असतो. गोल वस्तूला हवा फार अडवते, आणि तोळाभर वजनात हवेला रेटायची ताकद ती केवढी! ताकद मोजली तर शंभर यार्डांवर सुरुवातीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच उरते. याउलट दोन तोळ्यांची कॉनिकल सुटते 1350 च्या आसपास, आळशी वाटते, पण शंभर यार्डांवर तिचा वेगही 1100 च्या घरात असतो आणि वजन दुप्पट. एल्कचा नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. आपलं मोठं सांबर डोळ्यांसमोर आण. त्याच्या फासळीतून, फुप्फुसांच्या आरपार जायचं आणि पलीकडून रक्त गळेल असं भोक पाडायचं, तर वजन हवं. म्हणून .50 मध्ये गोल गोळी घेऊन एल्कमागे जाऊ नकोस. 177 ग्रेन नियमात बसतात, अगदी काठावर. पण नियमात बसणं वेगळं आणि जनावराला तडफडत न ठेवणं वेगळं.

गोल गोळीच हवी असेल तर .54 घे. सव्वा तोळा आणि जास्त रुंद. साठ-सत्तर यार्डांच्या आत, बरगडीवर, ती एल्कला पुरते. पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी याच डोंगरांत सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंच्या बंदुका घेऊन माणसं फिरत होती, त्यांनी याहून मोठी जनावरं अशाच गोळ्यांनी पाडली.

यातून बंदुकीची निवड जवळजवळ आपोआप होते, कारण गोळीला नळीच्या आतला पीळ जुळावा लागतो. दुकानात पेटीवर 1:60, 1:48, 1:28 असं लिहिलेलं दिसेल. 1:60 म्हणजे नळीतले आटे साठ इंचांत एक फेरा घेतात, सावकाश पीळ. तो फडक्यातल्या गोल गोळीसाठी. 1:28 हा घट्ट पीळ, लांब गोळीला भोवऱ्यासारखं फिरवायला लागतो, नाहीतर ती हवेत कोलांट्या मारते. 1:48 हा मधला, दोघांनाही सांभाळून घेणारा. 1970 पासून विकल्या गेलेल्या थॉम्पसन सेंटरच्या हॉकेनमध्ये तो होता आणि त्या बंदुका सेकंड हँड अजून भरपूर मिळतात. लायमनच्या ग्रेट प्लेन्स रायफलचा पीळ 1:60, तीच गोल गोळीसाठी .54 मध्ये मिळाली तर सोनं. जुनी घेताना मात्र नळीत उजेड टाकून बघ. बाहेरून लाकूड चकचकीत आणि आत गंजाचे खड्डे, असा माल बाजारात पुष्कळ फिरतो. मीसुद्धा एक घेतला होता, आता तो भिंतीवर आहे.

माझं मन विचारशील तर बाजूच्या घोड्याची .54 घे. माझा सल्ला विचारशील तर यंदा इनलाइन घे. .50 ची, 1:28 पिळाची, 209 प्रायमर नावाच्या ठिणगीच्या टोपीवर पेटणारी, साध्या माशीची. हे सांगताना मला बरं वाटत नाहीये. पण तू आजवर .22 शिवाय काही चालवलेलं नाहीस आणि हातात दोन-अडीच महिने आहेत. इनलाइनमध्ये ठिणगी सरळ दारूच्या पाठीत जाते. केपाच्या बंदुकीत ती वळण घेऊन जाते आणि दमट सकाळी त्या वळणावरच विझते. साफसफाईला इनलाइनचा मागचा बूच निघतो, नळीतून आरपार दिसतं. आणि दोन तोळ्यांची कॉनिकल तिच्यातून शंभर यार्डांपर्यंत विश्वासाने जाते. या इनलाइनला रूप दिलं ते मिसूरीच्या टोनी नाइट यांनी, 1985 च्या सुमाराला. तेव्हापासून जुन्या वळणाची मंडळी तिला बंदूक मानायला तयार नाहीत. त्या भांडणात तू पडू नकोस. पहिलं जनावर इनलाइनने मिळव, मग आयुष्यभर आजोबांची बंदूक चालव.

हां, एक अपवाद. आजपासून सप्टेंबरपर्यंत दर शनिवारी रेंजवर जाईन, एकही चुकवणार नाही, असं स्वतःला प्रामाणिकपणे सांगू शकत असशील, आणि साठ यार्डांपलीकडे एल्क नाचत असला तरी चाप ओढणार नाही अशी शपथ घेऊ शकत असशील, तर .54 घे आणि मला विसर.

आता दारू. दुकानात पाच प्रकारच्या बाटल्या दिसतील आणि त्यातली एक तुला मारू शकते, तेव्हा हे दोनदा वाच. आधुनिक काडतुसांत असते ती स्मोकलेस पावडर ठासणीच्या बंदुकीत कधीही, चिमूटभरसुद्धा, घालायची नाही. काळ्या दारूचा दाब झेलायला केलेली नळी तिने फाटते, आणि ती तुझ्या डाव्या हाताच्या वर फाटते. मित्राच्या गॅरेजमधली लेबल नसलेली बरणी, कोणाच्या उरलेल्या पुडीतली दारू, ‘काळीच आहे रे’ म्हणून दिलेली भुकटी, यांना हात लावू नकोस. मूळ डबा, मूळ लेबल, तेवढंच.

खरी काळी दारू अजून मिळते, पण कायद्याने ती स्फोटक असल्याने प्रत्येक दुकान ठेवत नाही. अमेरिकेतला तिचा नावाजलेला कारखाना, गोएक्स, 2021 मध्ये बंद होणार असं जाहीर झालं तेव्हा आम्हा गारवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. 2022 मध्ये तो एस्टेसने घेतला; मुलांची खेळण्यातली रॉकेटं बनवणारी तुझ्याच राज्यातल्या पेनरोझची कंपनी, तिच्याच घरातला तो नवा उद्योग. डब्यावर एफ अक्षरं असतात: जितके एफ जास्त तितका दाणा बारीक आणि जळायची घाई जास्त. .50 आणि .54 ला दोन एफ. तीन एफ लहान नळ्यांना. मोठ्या नळीत घालणारे घालतात, पण माप दहा-पंधरा टक्क्यांनी उतरवून.

बाकी सगळ्या पर्यायी दारू. पायरोडेक्स काळ्या दारूच्या मापानेच घालता येते. ट्रिपल सेव्हन तिच्याहून तिखट, म्हणून माप साधारण पंधरा टक्क्यांनी कमी. ती जळल्यावर नळीच्या तळाशी काचेसारखं कडं धरते, दुसरी गोळी तिथे अडते. प्रत्येक बारानंतर ओलं फडकं फिरवावं लागतं. ब्लॅकहॉर्न 209 ही सर्वांत स्वच्छ, पण 209 प्रायमरशिवाय नीट पेटत नाही, म्हणजे केपाच्या बंदुकीला ती नको.

आणि इथे तोळ्याचा माझा हिशेब मीच मोडतो. काळी दारू 90 ग्रेन म्हणजे अर्धा तोळा, हे बरोबर. पण पर्यायी दारू हलक्या असतात. डब्यावर ‘90 ग्रेन’ लिहिलेलं असतं ते आकारमानाचं: काळ्या दारूचे 90 ग्रेन ज्या मापात मावतात ते माप भरून. ब्लॅकहॉर्नचं 100 चं माप काट्यावर ठेवलंस तर 70 च्या आसपास भरेल. कोणी काट्यावर 100 तोलून घातली, तर ती भलतीच जास्त झाली. शिसं काट्यावर तोल, दारू मापाने घाल. आजोबा शिंगाचं माप वापरायचे ते उगाच नव्हे.

तर किती? .50 ची इनलाइन, 370-385 ग्रेनची कॉनिकल आणि दोन एफ काळी दारू किंवा पायरोडेक्स असेल तर 70 पासून सुरुवात कर. पाच-पाचने चढ. दर मापाला तीन गोळ्या, पन्नास यार्डांवर, वाळूच्या पिशव्यांवर बंदूक टेकवून. कागदावर तीन भोकं कशी पडतात ते बघत जा. कुठेतरी, बहुधा 80 ते 95 च्या दरम्यान, तिन्ही भोकं एका रुपयाखाली झाकतील. पुढच्या मापाला ती परत पसरतील. जिथे झाकली गेली, तिथे थांब. ते तुझ्या बंदुकीचं माप, माझ्या नव्हे. माझी 85 वर थांबते. शेजारच्याची, त्याच कंपनीची, 95 वर. 100 च्या वर जायचं कारण नाही. आणि तुझ्या बंदुकीच्या पुस्तिकेत, त्या वजनाच्या गोळीला, जे कमाल माप दिलं असेल ते शेवटचं; माझा आकडा त्याहून मोठा असेल तर माझा आकडा कापून टाक. .54 आणि गोल गोळी असेल तर 80 पासून, आणि 90-100 च्या दरम्यान बहुतेक नळ्या खूश होतात.

मग 150 चं काय? इनलाइनमधल्या काही बंदुका तेवढ्यासाठी बनवलेल्या असतात, त्या फुटत नाहीत. पण एवढ्या लांबीच्या नळीत जेवढी दारू जळायची तेवढीच जळते. वरची बरीचशी तोंडाबाहेर पेटते, बर्फावर काळी सांडलेली दिसते. वेग थोडा वाढतो, दणका मात्र भरपूर वाढतो. मी एका वर्षी जड कॉनिकलवर 120 घालून गेलो होतो, पुस्तिकेतल्या मर्यादेत राहूनच. रेंजवर सहा बार काढले आणि सातव्यापासून चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायला लागले. ते दचकणं अंगात एकदा शिरलं की निघायला वर्ष लागतं. त्या हंगामात सत्तर यार्डांवरची मादी मी सपशेल चुकवली. खांद्यावर जांभळा डाग, घरी रिकामा बर्फाचा डबा, आणि बायकोचं ‘मग आज काय, पिठलंच ना?’

बार भरायची रीत आजोबांकडून पाहिली आहेस, तरी सांगतो. आधी एक-दोन केप किंवा प्रायमर रिकाम्या नळीवर उडवून आतलं तेल सुकव. नळीचं तोंड चेहऱ्यापासून दूर. दारू मापात ओत, मापातून नळीत. डब्यातून किंवा शिंगातून नळीत थेट कधीच नाही. आधीच्या बाराचं निखाऱ्याएवढं काही आत धुमसत असेल तर मापातली अर्धा तोळा भडकेल, हात भाजेल, पण डबा हातात फुटायचा नाही. मग गोळी, मग गज. गोळी दारूवर घट्ट बसली पाहिजे. दारू आणि गोळीमध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते; हे भीती घालायला सांगत नाही, फुगलेली नळी मी पाहिली आहे. केप शेवटी, आणि तीही जनावर दिसेल अशा जागी उभा राहिल्यावर.

कॉनिकलला आणखी एक खोड असते. ती जरा सैल बसणारी असेल आणि तू बंदूक तोंड खाली करून खांद्याला लावून चालत असशील, तर गोळी हळूहळू पुढे सरकते. दर तासाला गज घालून बघ.

बार उडाला नाही तर? नळी लक्ष्याकडेच धरून मिनिटभर, हवं तर दोन मिनिटं, तशीच उभी. ठासणीच्या बंदुका कधी कधी विचार करून उडतात. आणि गोळी ठासली पण दारूच घालायला विसरलो, हे प्रत्येकाचं एकदा होतंच. माझं तीनदा झालं आहे. तेव्हा शांतपणे गोळी काढायचा स्क्रू वापर, चिडून काही करू नकोस.

सप्टेंबरात एल्कचा माज असतो. नर शीळ घातल्यासारखे ओरडतात आणि हाकेला ओ देत जवळ येतात. म्हणूनच ही बंदूक या महिन्यात शोभते: तुला दोनशे यार्ड लागणारच नाहीत. शंभरच्या आत, शक्यतो पन्नास-साठ, जनावर आडवं उभं, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या मधल्या उंचीला. समोरून नाही, मागून नाही, पळताना नाही. बार उडाला की धूर समोर पडद्यासारखा उभा राहील आणि तुला काहीच दिसणार नाही. चटकन एक पाऊल बाजूला हो आणि ते कुठे गेलं ते बघ. मग आधी बार पुन्हा भर, नंतर अर्धा तास बसून राहा. लगेच मागे धावलास तर जखमी जनावर दोन दऱ्या ओलांडतं. गोल गोळी वापरत असशील तर तिचं फडकं धुमसत जमिनीवर पडतं. वाळलेलं गवत आणि कोलोराडोचा सप्टेंबर, तेव्हा ते शोधून पायाखाली विझव.

दुपारी अजून ऊन असतं, तीनशे किलोंचं जनावर आतून तापलेलं, त्यामुळे मांस तासा-दोन तासांत सोडवून सावलीत, हवेशीर टांगायला हवं. एकट्याचं ते काम नाही. टेक्सासवाल्या मित्राला इथे कामाला लाव, त्याने तेवढी चूक भरून काढावी. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं इथे गुन्हा आहे, आणि तो असावाच.

कागदपत्रांचं थोडक्यात. 1 जानेवारी 1949 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं. ते असल्याशिवाय तुला परवाना मिळालाच नसता, म्हणून तुझ्याकडे असणार. चमकत्या नारिंगी किंवा गुलाबी रंगाचा अंगरखा आणि टोपी ठासणीच्या हंगामातही सक्तीची आहे. तू व्हिसाबद्दल काही लिहिलं नाहीस, पण हे सदर वाचणाऱ्यांत एच-वनवाले बरेच आहेत, त्यांच्यासाठी: या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्यात बंदी आहे, आणि वैध शिकारीचा परवाना हा त्यातला एक अपवाद. साधी ठासणीची बंदूक तो कायदा बहुधा ‘पुरातन’ म्हणून बाजूला ठेवतो, पण ज्यांची नळी बदलून काडतुसाची बसवता येते त्या इनलाइन त्यात येत नाहीत, आणि राज्यांचे कायदे आणखी निराळे. दोनशे डॉलर देऊन वकिलाला एकदा विचारा. ग्रीन कार्ड त्याहून महाग पडतं. आणि विमानाने जाणाऱ्यांनी दारू, केप, प्रायमर यातलं काहीही सामानात टाकू नये, मोठ्या बॅगेतही नाही. गावात उतरून विकत घ्यावं.

राहिली आजोबांची बंदूक. तिचा विचार सोड. ती चुलत्यांच्या परवान्यावर, शेतीच्या राखणीसाठी आहे. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर हेलपाटे घालून सोडवायची, हे कोकणात ज्यांच्याकडे आहे त्यांना विचार. ती देशाबाहेर काढायला लागणारे कागद जमवण्यात तुझे सप्टेंबर निघून जातील. आणि आणलीसच तरी त्या नळीत मी बार भरू देणार नाही. तिचं लोखंड कोणत्या भट्टीतलं, आतून किती खाल्लं गेलंय, कोणाला माहीत? तिची जागा तिथेच आहे, माडाखाली, डुकरांना हुसकवायला.

शिंगाचं माप मात्र घेऊन ये. गरम पाण्याने, साबणाने तीनदा धुऊन, उन्हात वाळवून, मगच बॅगेत टाक. नाहीतर विमानतळावरच्या यंत्राला दारूचा वास लागेल आणि तुझी रात्र तिथेच जाईल. इथे पोचलं की पितळेच्या ग्रेनच्या मापाने ते भरून बघ, किती मावतं ते. राखणीच्या बंदुकीचं माप, तेव्हा माझा अंदाज चाळीसच्या आसपासचा आहे. अर्धा तोळा निघालं, तर तुझे आजोबा डुकरांसाठी बार भरत नव्हते. मला कळव.